अकरा चमचे

गुंजाळ डॉक्टरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. बेल्ह्यात अजूनही त्यांची आठवण निघते आणि ती काढणारा माणूस हसतोच. "लई तापट माणूस," असं म्हणून एखादा किस्सा सांगतो. मला हसू येत नाही. शेवटच्या दीडदोन वर्षांत तो माणूस कशावर तापला होता, ते मला माहीत आहे. त्यात माझाही हात होता. राग निवळल्यावर लिहावं, म्हणून मी थांबून पाहिलं. तो निवळला नाही, तेव्हा आता आहे तसाच लिहिते.

कागदोपत्री ते डॉक्टर नव्हते. सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. पण साऱ्या पंचक्रोशीत डॉक्टर म्हणजे गुंजाळ. माणसांच्या डॉक्टरला लोक 'दवाखान्यातले साहेब' म्हणत. आमच्या अब्बांचं दुकान जनावरांच्या दवाखान्यासमोरच होतं, घुंगरमाळा, कासरे, वेसणी, म्होरक्या असल्या वस्तूंचं. त्यामुळे लहानपणापासून मी डॉक्टरांना पाहत आले. काटक बांधा, पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. जुन्या राजदूत मोटारसायकलला मागे एक पत्र्याचा डबा बांधलेला असे आणि त्यात बाकी काही असो नसो, साबणाची वडी असायचीच. हात धुतल्याशिवाय ते चहाच्या कपाला बोट लावत नसत आणि कुणाच्या घरी खाटेवर बसत नसत. उभ्यानेच चहा, उभ्यानेच बोलणं.

जनावरांशी ते अहो-जाहो करीत. खोड्यात घेतलेल्या बैलाला "अहो, जरा पाय उचला. झालं, झालं, थोडंच ऱ्हायलंय," असं समजुतीनं सांगत. आणि त्याच बैलाच्या मालकाला, मग तो वयानं कितीही मोठा असो, "ए, तू तिकडं हो." गावातल्या मोठ्या माणसांना हे लागायचं. एकानं तोंडावर विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले की बैलानं मला कधी खोटं सांगितलेलं नाही.

खोटं आणि अर्धवट सांगणं, या दोन गोष्टींवर त्यांचा दात होता. एकदा एक बागायतदार गाय घेऊन आला. गाय थरथरत होती, तोंडाला फेस. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? तो म्हणाला, रोजचंच. डॉक्टरांनी बॅग बंद केली आणि गाडीकडे चालायला लागले. तो माणूस गयावया करत मागे धावला. डॉक्टर वळून म्हणाले, "रोजचं म्हंजे काय? तू रोज काय खातो ते मला म्हाईत हाय का?" मग तो घरी पळाला आणि बायकोला विचारून आला. सकाळी कोवळी, पाण्याला तळमळलेली ज्वारी घातली होती; तशा ज्वारीचं जनावराला विष चढतं. एवढं कळल्यावर डॉक्टरांनी भराभर इंजेक्शन दिलं आणि गाय वाचली. पण त्यानंतर त्यांनी नियमच केला, की जनावर आणताना धार काढणारी बाई बरोबर पाहिजे. "गोठा ती बघती अन् बोलायला तू येतो," असं ते नवऱ्यांना ऐकवत. बायका आधी लाजायच्या. मग दवाखान्याच्या ओट्यावर पुरुष कोपऱ्यात उभे आणि बायका पुढे होऊन सांगतायत, असं दृश्य दिसायला लागलं. नव्वदच्या दशकात आमच्या भागात दुसऱ्या कुठल्याही सरकारी दारात हे दिसत नव्हतं.

त्याच सुमाराची दुसरी गोष्ट. एका जत्रेतल्या जनावरांच्या प्रदर्शनाला त्यांना परीक्षक म्हणून बसवलं होतं. पहिला नंबर कुणाच्या बैलाचा, ते आधीच ठरलेलं होतं. पुढाऱ्याचाच बैल. डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडलं, जीभ पाहिली, खूर पाहिले आणि माईक मागून घेतला. या बैलाला लाळ्या-खुरकूत झाली आहे, सगळ्यांनी आपापली जनावरं ताबडतोब घरी न्यावीत, असं त्यांनी जाहीर केलं. दहा मिनिटांत मैदान मोकळं. महिन्याभरात त्यांची बदली डिंगोऱ्याला. अब्बा हळहळले, तर डॉक्टर म्हणाले, डिंगोऱ्यात काय मोटारी बांधल्यात का गोठ्यात? तिथंही जनावरंच आहेत. ते गेले. तिथं काही वर्षं काढली, पुन्हा बेल्ह्याला आले आणि इथूनच निवृत्त झाले.

तोवर मी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल झाले होते. निवृत्तीनंतर डॉक्टर रोज वर्तमानपत्र वाचायला येत आणि समासात पेन्सिलीनं चुका काढत. मी ओरडायची, ते ऐकत नसत. एके दिवशी त्यांनी पाच फुलस्केप वह्या माझ्या टेबलावर ठेवल्या. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी लिहून ठेवलं होतं. कुठल्या गावात, कुणाच्या गोठ्यात, कुठलं जनावर, काय झालं, काय दिलं, जगलं की मेलं. मेलं असेल तर कुणाची चूक, आणि कितीतरी पानांवर त्यापुढे 'माझी' असं लिहिलेलं. त्यातून त्यांनी त्याच वह्यांत एक पुस्तक बेतलं होतं, 'गोठ्यातला पहिला तास'. डॉक्टर येईपर्यंत घरच्या बाईनं काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही. पोटफुगी, अडलेली गाय, सर्पदंश, जंत, विषबाधा. सोपं, सरळ, रागावून लिहिलेलं. मी दोन दिवसांत वाचून काढलं. इतकं उपयोगाचं पुस्तक आमच्या कपाटांत दुसरं नव्हतं.

छापील पुस्तकं काढणाऱ्या पुण्यातल्या दोनतीन प्रकाशकांना आम्ही पाठवलं. एकाने परत पाठवलं, विषय मर्यादित आहे म्हणून. बाकीच्यांनी उत्तरही दिलं नाही.

आणि मग देशमाने आले.

त्यांना आमच्या वाचनालयानेच बोलावलं होतं, वार्षिक व्याख्यानाला. मीच पत्र लिहिलं होतं. पुण्याचे, गोड बोलणारे, जाकीट घातलेले. त्यांच्या कार्डावर 'साहित्य प्रतिनिधी' असं लिहिलं होतं आणि आम्हाला तो शब्दच नवा होता. व्याख्यानात त्यांनी सांगितलं की छापील पुस्तकाचे दिवस संपत आले. आता पुस्तकं सीडीवर येणार, संगणकाच्या जाळ्यावर येणार. पुण्यात असे छोटे छोटे प्रकाशक उभे राहतायत, मात्र ते लेखकाशी थेट बोलत नाहीत. प्रतिनिधीमार्फत आलेलं हस्तलिखितच ते उघडतात, बाकीचं टपाल तसंच पडून राहतं. परदेशात हेच चालतं, असंही म्हणाले.

व्याख्यान संपल्यावर मी डॉक्टरांना त्यांच्यापुढे उभं केलं. देशमान्यांनी वह्या चाळल्या, म्हणजे पानं अंगठ्यावरून सोडली, आणि म्हणाले, कल्पना उत्तम आहे, माझ्याकडे सोपवा. डॉक्टरांनी विचारलं, "किती पानं वाचली तुमी?" देशमाने हसले. डॉक्टर हसले नाहीत. "आमच्या बाजारातला दलाल निदान बैलाचं तोंड उघडून दात बघतो," ते म्हणाले आणि वह्या बगलेत मारून निघून गेले.

तिथंच संपलं असतं. मी संपू दिलं नाही. पुढचे दोन महिने मी त्यांच्या मागे लागले. डॉक्टर, जग बदललंय. डॉक्टर, तुमच्या स्वभावामुळे पुस्तक अडून राहील. डॉक्टर, असा माणूस आपल्या गावात पुन्हा येणार नाही. शेवटी ते तयार झाले. करार वाचनालयाच्या टेबलावरच झाला. डॉक्टरांनी तो ओळीवर बोट ठेवून वाचला आणि एका कलमावर त्यांचं बोट थांबलं. प्रकाशकाशी सर्व संपर्क केवळ प्रतिनिधीमार्फत होईल. "म्हंजे मी त्यांच्याशी बोलायचं नाय?" देशमाने म्हणाले, तुमची दगदग वाचावी म्हणून. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणाले, "या क्षेत्रात असंच असतं, डॉक्टर."

मला काय माहीत होतं त्या क्षेत्राचं? व्याख्यानाला बोलावलेले पाहुणे सोडले तर मी तोवर एकाही लेखकाला भेटले नव्हते. पण म्हणाले. आणि त्यांनी सही केली.

सातआठ महिन्यांनी सीडी आली. वेष्टनावर हिरव्यागार कुरणात उभी एक काळीपांढरी परदेशी गाय. डॉक्टर ती बराच वेळ न्याहाळत राहिले आणि म्हणाले, या बाई आपल्याकडच्या न्हाईत. वाचनालयाच्या संगणकावर सीडी घातली तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले. देशमान्यांना फोन केला. ते म्हणाले, तुमच्या संगणकात तो फॉन्ट नाही, पाठवून देतो. पाठवला नाही. वेष्टनावर प्रकाशकाचा पत्ता नव्हता, नुसतं संकेतस्थळाचं नाव होतं; पुस्तक तिथंही होतं. त्यावर पानं फोटोसारखी चढवलेली, त्यामुळे नीट दिसायची, आणि आळेफाट्याच्या सायबर कॅफेत जाऊन ती पाहता आली असती. मी डॉक्टरांना म्हणायची, पुढच्या आठवड्यात जाऊ. पुढचे आठवडे जात राहिले. म्हणजे पुस्तक ज्याचं, त्यानंच ते वाचलं नव्हतं.

वाचलं ते डिंगोऱ्याच्या मंदानं.

मंदा ही तिथल्या एका शेतकऱ्याची सून. डॉक्टर डिंगोऱ्याला असताना तिच्या सासूची अडलेली म्हैस त्यांनी सोडवली होती. त्यामुळे त्या घरात डॉक्टरांचं नाव देवासारखं. मंदा बारावी शिकलेली. तिचा भाऊ नारायणगावात सायबर कॅफेत बसायचा. त्यानं बहिणीला डॉक्टरांच्या पुस्तकातली पानं छापून दिली होती आणि तिनं ती पिशवीत घालून गोठ्यातच खुंटीला लावली होती. जोडीतल्या खोंडाला जंत झाले. दवाखान्यात औषध नव्हतं. तिनं पान काढलं आणि वाचलं.

एका दुपारी ती वाचनालयाच्या दारात उभी राहिली. डॉक्टर आत वर्तमानपत्र वाचत होते. तिनं आरडाओरडा केला नाही. घडी घातलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगितलं की खोंड मेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय दिलं? तिनं बोट ठेवलं. मोरचूद, पाण्यात विरघळवून, अकरा चमचे.

"तुमचं नाव हाय म्हून पाजलं," ती म्हणाली. "खाली लिवलंय, मोरचूद इषारी आसतं, परमान काटेकोर पाळावं. म्या एकेक चमचा बोटानं सपाट करून घातला. अकरा मोजले."

डॉक्टरांनी कागद हातात घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. मला म्हणाले, वह्या काढ. टाइप झाल्यावर वह्या परत आल्या होत्या आणि वाचनालयातच, माझ्या कपाटात होत्या. तिसऱ्या वहीत ते पान सापडलं. त्यांनी लिहिलं होतं '॥ चमचा'.

आता ज्यांनी जुनं गणित पाहिलेलं नाही त्यांना सांगायला हवं. पूर्वी पाव लिहायला एक उभी रेघ मारत, निम्म्याला दोन. डॉक्टरांच्या पिढीचा हात तसाच वळलेला होता. टंकलेखन करणाऱ्याला त्या दोन रेघा अकरा वाटल्या. अर्ध्या चमच्याचे अकरा झाले. आणि माझा जीव अजून जळतो तो पुढच्या गोष्टीवर. वहीत 'चमचा' होतं आणि छापलेल्या पानावर 'चमचे'. म्हणजे मधे कुणीतरी थांबलं होतं. अकरा म्हटल्यावर चमचा बरोबर दिसत नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. व्याकरण सुधारून तो पुढे गेला.

मंदानं वही पाहिली, दोन रेघा पाहिल्या. मग तिनं डॉक्टरांना विचारलं, "तुमचं लिवलेलं चुकलं न्हवतं. म्या वाचलेलं चुकलं न्हवतं. मंग खोंड मेलं कशानं?"

डॉक्टरांनी वही मिटली आणि तिचा कागद घडी करून खिशात ठेवला.

ती गेल्यावर त्यांनी वाचनालयातूनच देशमान्यांना फोन लावला. मी शेजारी होते. डॉक्टरांनी आवाज चढवला नाही, उलट खाली आणला, आणि मला त्याचीच भीती वाटली. ते पान आज, आत्ता काढा, असं त्यांनी सांगितलं. देशमाने म्हणाले, वाईट झालं. पण ही तांत्रिक बाब आहे, प्रकाशकांना कळवतो, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होईल. डॉक्टरांनी प्रकाशकाचा पत्ता मागितला. तो देता येणार नाही, करारात तसं आहे, असं उत्तर आलं. मग देशमाने काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण डॉक्टरांनी फोन ठेवला आणि सांगितलं, "म्हनतो, भावनेच्या भरात काम बिघडंल."

आम्ही तडक आळेफाट्याला गेलो. त्यांच्या राजदूतवर मागे बसून, आयुष्यात पहिल्यांदाच. कॅफेत मी संकेतस्थळ उघडलं. पुस्तक होतं, पान होतं, अकरा चमचे होते. मी खाली खाली जात राहिले. पार तळाला प्रकाशकाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत दिलेला, आणि त्याखाली एक ओळ होती. लेखकांनी हस्तलिखितासाठी आमच्याशी थेट संपर्क साधावा, मध्यस्थाची गरज नाही.

मी ती ओळ डॉक्टरांना वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, "हे इथं कधीपासून हाय?" मी म्हणाले, पहिल्यापासूनच असणार. त्यांनी त्या पडद्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

क्रमांक समोर होता, मी कॅफेच्या बाहेरूनच फोन लावला. नुसती घंटा वाजत राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही पुण्याला गेलो. प्रकाशन म्हणजे एका इमारतीतली दोन खोल्यांची जागा. दोन संगणक, भिंतीला टेकून ठेवलेली सीडीची खोकी आणि वैशालीताई नावाच्या चाळिशीच्या बाई. त्या, त्यांचे यजमान आणि एक टंकलेखक, एवढाच पसारा. डॉक्टरांनी नाव सांगितलं तेव्हा त्या खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या, अहो, आम्ही तीनदा निरोप पाठवला की लेखकांशी बोलायचंय, काही ठिकाणी अक्षर लागत नाही. देशमान्यांनी कळवलं, लेखक खेडेगावचे आहेत, वयस्कर आहेत, फार चिडके आहेत, त्यांना त्रास देऊ नका, मीच बघतो.

"चिडका हाय, ते खरंय," डॉक्टर म्हणाले. "पन मी वाचलं आसतं."

वैशालीताईंनी संगणकावर पत्रव्यवहार काढून दाखवला. मुद्रितं तपासायला म्हणून सबंध पुस्तक देशमान्यांना पाठवलेलं होतं. पाठवल्यापासून तासाभराच्या आत त्यांचं उत्तर आलेलं. लेखकाने तपासले आहे, पुढे चला. ते वाक्य मी डोळ्यांनी वाचलं. ज्या दिवशी ते लिहिलं गेलं त्या दिवशी लेखक बेल्ह्यात वर्तमानपत्राच्या समासात पेन्सिलीनं चुका काढत बसला होता.

वैशालीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी त्यांनाही सोडलं नाही. ते म्हणाले, देशमान्यानं वाचलं नाही, ठीक. पण टाइप तुमच्या घरात झालं. "अकरा चमचे लिवताना तुमच्या सैपाकघरात चमचा नव्हता का? एकदा हातात धरून बघायचा." बाईंनी मान खाली घातली. उलट उत्तर दिलं नाही, याबद्दल मी त्यांना मानते. मग त्यांनी आमच्यासमोर ते पान काढलं. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. जे काम पुढच्या आवृत्तीत होणार होतं, ते.

सीडी मात्र बाहेर गेल्या होत्या. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींना आणि खतबियाण्यांच्या दुकानांना देशमान्यांनी त्या भेट म्हणून वाटल्या होत्या, आपल्या कार्डासकट. वैशालीताईंकडे त्याची यादी होती. त्यांनी ती दिली आणि म्हणाल्या, आम्ही सगळ्यांना पत्रं टाकतो. डॉक्टर म्हणाले, टाका. पण पत्र कोण उघडतं, मला म्हाईत हाय. मी जातो.

जाण्याआधी एक गोष्ट घडली. घोडेगावात नवलेखकांचा मेळावा होता आणि देशमान्यांचं भाषण होतं, विषय, लेखकाला प्रतिनिधी का हवा. जाहिरात मी पाहिली होती. डॉक्टरांना सांगावं की नाही, या विचारात दोन दिवस घालवले आणि सांगितलं. आम्ही गेलो. दीडेकशे माणसं असतील. शाळामास्तर, कविता करणाऱ्या मुली, पेन्शनर. देशमान्यांनी तेच भाषण केलं, तोच सूर, तीच परदेशाची उदाहरणं. प्रश्नांना वेळ दिला तेव्हा डॉक्टर उभे राहिले.

"मी गुंजाळ. हे माझे प्रतिनिधी," त्यांनी सभेला सांगितलं आणि देशमान्यांकडे वळून विचारलं, "माझ्या पुस्तकात जंताच्या पानावर काय लिवलंय?"

देशमाने म्हणाले, डॉक्टर, आपण नंतर निवांत बोलू.

"नंतर नको. कुठलंबी एक पान सांगा. एक ओळ सांगा."

देशमाने हसले, सभेकडे पाहून त्यांनी हात पसरले, आणि सभाही हसली. संयोजकांपैकी एकानं डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसायला सांगितलं. मी उठून खोंडाबद्दल बोलायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, बाई, हा कृषी मेळावा नाय. पुन्हा हशा. कार्यक्रम पुढे गेला. संपल्यावर देशमान्यांभोवती कार्ड घेणाऱ्यांची रांग लागली. ज्यांनी आत्ताच ते पाहिलं होतं, तेच लोक रांगेत होते. आज, लिहितानाही, मला देशमान्यांइतकाच त्या रांगेचा राग येतो. पण त्या रांगेत पहिली मीच उभी राहिले होते, दोन वर्षं आधी.

बाहेर डॉक्टर हातपंपावर हात धूत होते. कशाला हात लागला होता कुणास ठाऊक. खूप वेळ धूत होते.

त्यानंतर ते यादी घेऊन निघाले. रोज दोनतीन गावं. राजदूत कुरकुरायची, पाठ दुखायची, वय पासष्टच्या पुढे. ग्रामपंचायतीत जायचं, सीडी मागायची, लोकांना कुणी त्यातलं पान छापून घेतलंय का विचारायचं, घेतलं असेल त्या घरी जायचं. बऱ्याच ठिकाणी सीडी वेष्टनातून काढलीच नव्हती. डॉक्टरांना याचं समाधान वाटायला हवं होतं, आणि त्यांना त्याचाही राग यायचा. मंदाकडे ते दोनदा गेले. आपल्या घरचं एक खोंड देतो म्हणाले, तिनं घेतलं नाही. सासू म्हणाली की डॉक्टर, तुमी चहा घ्या. ते चहा न घेता परतले.

पुस्तकाची नवी आवृत्ती वैशालीताईंनी काढली, एका पानाचा साधा करार करून, मधे कुणी नाही. देशमान्यांनी कराराचा भंग झाल्याचं पत्र पाठवलं. वैशालीताईंनी त्यांना त्यांच्याच त्या एका ओळीच्या पत्राची नक्कल धाडली आणि तो विषय बंद झाला. नव्या आवृत्तीत एकही आकडा नाही. अर्धा, पाव, एक, सगळं अक्षरांत. मुद्रितं डॉक्टरांनी वाचली, मी वाचली, आणि डॉक्टरांच्या आग्रहावरून मंदानं वाचली. तिनं चार चुका काढल्या. देशमाने अजून व्याख्यानं देतात, असं ऐकते. त्यांचं काही बिघडलं नाही. डॉक्टर नवं पुस्तक आल्यावर सहा महिन्यांनी गेले, झोपेतच.

पण माझ्या डोळ्यांसमोर येतात ते त्याच्या आधीचे. यादीतली जवळजवळ सगळी गावं संपली होती. मी ग्रंथालयाच्या कामानं घोडेगावला गेले होते आणि तिथून भीमाशंकरच्या एसटीनं एका नातेवाइकांकडे निघाले होते. शिनोलीच्या पुढे एका गावात गाडी थांबली आणि खिडकीतून मला ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसलेले डॉक्टर दिसले. मी त्यांना कुठंही बसलेलं क्वचितच पाहिलं होतं. कार्यालयाला कुलूप होतं. मी हाक मारली. ते उठून खिडकीशी आले. तिसऱ्यांदा आलोय, म्हणाले. ग्रामसेवक उद्या या म्हणतो आणि उद्या नसतो. खिडकीतून आतलं कपाट दिसतंय, सीडी तिथंच आहे, शेजारी कुणीतरी छापून ठेवलेली पानंही. मी म्हणाले, डॉक्टर, आज राहू द्या, आपण दोघं येऊ.

"तू जा," ते म्हणाले. "उद्या कुनी ते पान घरी न्हेलं तर?"

कंडक्टर चहाला गेला होता. तो परत येईपर्यंत मी खिडकीतून पाहत होते. डॉक्टर पायरीशी परत गेले, पण बसले नाहीत. त्यांनी बाह्या वर केल्या, इकडेतिकडे पाहिलं, भिंतीच्या कडेचा एक धोंडा दोन्ही हातांनी उचलला आणि भर दुपारी, एसटीभर माणसांच्या देखत, सरकारी कुलपावर घातला. ज्या माणसानं उभ्या नोकरीत एक खाडाखोड केली नाही, तो. पहिल्या घावात काही झालं नाही. त्यांनी धोंडा पुन्हा उचलला.

गाडीतली माणसं माना वळवून बघायला लागली. कंडक्टर पायरीवर एक पाय ठेवून थांबला आणि मला म्हणाला, "ताई, तुमच्या वळखीचं हायेत का? कोन हायेत ते?"

"लेखक आहेत," मी म्हणाले. "पुस्तक परत घ्यायला आलेत."

दुसरा घाव बसला. कंडक्टरनं आणखी एकदा तिकडे पाहिलं आणि घंटी वाजवली.